आमचे ऊन दुसऱ्याच्या नावावर

मित्रांनो, मी एक जुनी सोलर प्लेट आहे आणि मला राग आलेला आहे. हा राग काल-परवाचा नाही. पाच वर्षांपूर्वी तो आला, आणि तेव्हापासून मी तो काचेखाली जपून ठेवला आहे. तुमच्या वहीतल्या निबंधांत जुनी छत्री बोलते, फाटके पुस्तक बोलते, तोडलेले झाड बोलते, आणि शेवटी सगळी जण सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मी तशी नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी तुमची निराशा व्हायला नको.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण बोलताना उडालेला थेंबही आमच्या अंगावर डाग पाडतो. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी निळसर काळ्या चकत्या पातळ तारेने एकमेकींना जोडल्या, त्यांच्यावर काच ठेवली, पाठीला अस्तर लावले आणि भोवती चौकट बसवली. सगळे झाल्यावर एका मुलीने माझ्या पाठीवर एक पट्टी चिकटवली. तिच्यावर पंधरा आकडे होते. शेजारी उभ्या असलेल्या नव्या मुलीला ती म्हणाली, "नीट लाव हं. हा नंबर परत कुणाला मिळत नाही." मला फार बरे वाटले. जगात माझ्या नावाची दुसरी कुणी नव्हती.

आम्ही आठ बहिणी एका टेम्पोतून एका बैठ्या घराच्या गच्चीवर आलो. खालच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचे दुकान होते. दुकान म्हणजे काय, एक लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, दोन इस्त्र्या आणि भिंतीवर ओळीने टांगलेले लोकांचे शर्ट. दुकान चालवणाऱ्या बाईंना सारी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणते. त्यांचे यजमान निवृत्त बसचालक होते. त्यांचे नाव ड्रायव्हरकाका. इस्त्रीचे गठ्ठे ते सायकलवरून घरोघर पोचवत, आणि वळणावर तोंडाने "पोंऽऽ" करत, कारण सायकलची घंटा त्यांना भोंग्यापुढे फार किरकोळ वाटायची.

आम्हाला या घरी ज्याने आणले तो सोलरशेठ. तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसाला असे अरेतुरे बोलतात का? हो, मी बोलते. सोलरशेठचे पलीकडच्या रस्त्यावर दुकान होते. तो ड्रायव्हरकाकांचा शाळेपासूनचा मित्र. कधीकाळी काकांची बस घाटात उलटली होती तेव्हा या माणसाने त्यांना रक्त दिले होते. त्यामुळे त्या घरात त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. वहिनी त्याला भाऊजी म्हणायच्या.

आम्ही यायच्या आधी वहिनींनी मुख्य रस्त्यावरच्या एका गाळ्यासाठी पैसे साठवले होते. सरकारी दवाखान्याच्या शेजारी, पुढे पायऱ्या, वर पत्र्याची सावली, असा तो गाळा होता. पण सोलरशेठ टेबलापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "वहिनी, निम्मा खर्च सरकार देतंय. तीन महिन्यांत तुमच्या खात्यात. दिवसभर दोन इस्त्र्या चालतात तुमच्या, बिल भरून भरून कंबर मोडली. आधी प्लेटा बसवा, गाळा कुठं पळून जातोय?"

वहिनींनी हिशेब केला आणि तो बरोबर होता. सरकारने निम्मे दिले तर त्या परत आलेल्या पैशांत गाळ्याची अनामत बसत होती. त्यांनी सगळी रक्कम सोलरशेठच्या हातात ठेवली. अर्जावर सह्या केल्या. "पत्ता दुकानाचाच टाकतो," तो म्हणाला, "म्हणजे पत्रं आली की मीच बघेन. तुम्ही कशाला हेलपाटे मारता?"

मित्रांनो, आमचे सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. सकाळी ऊन गच्चीच्या कठड्यावरून उतरून आमच्या अंगावर यायचे आणि थोड्याच वेळात खाली वहिनी पहिली इस्त्री लावायच्या. इस्त्री तापली की ते मला लगेच कळायचे, कारण आमच्या अंगातून वीज भसाभसा ओढली जायची. दुपारी दोन्ही इस्त्र्या एकदम चालत तेव्हा आम्ही आठही जणी कामात अगदी बुडून जायचो. पहिल्या महिन्याचे बिल आले तेव्हा वहिनी ते घेऊन वर आल्या आणि आमच्यापुढे धरून म्हणाल्या, "बघा गं पोरींनो, काय करून ठेवलंत!" दर रविवारी सकाळी त्या मऊ कापडाने आमची तोंडे पुसायच्या. कुणी गच्चीवर आले की आमची ओळख करून द्यायच्या. इतके कौतुक मी नंतर कधी पाहिले नाही.

मग एके दिवशी बातमी आली. सरकारने नियम बदलला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून अनुदान निम्म्यावरून पाचव्या हिश्शावर येणार होते. ज्यांची नोंदणी महिनाअखेरीपर्यंत होईल त्यांनाच जुन्या दराने पैसे. झाले! जे लोक वर्षभर "बघू, करू" म्हणत होते ते एका दिवसात जागे झाले. सोलरशेठच्या दुकानासमोर रांग लागली. प्लेटा कुठे मिळेनात. मालाचे ट्रक वाटेतच अडकले.

वहिनी मात्र निश्चिंत होत्या. आम्ही तर आधीच बसलो होतो. फक्त कागद पुढे जायचा होता.

आमच्या गच्चीवरून मागच्या बंगल्याची गच्ची दिसते. तिथे दातांचे एक डॉक्टर राहतात. त्यांनीही सोलरशेठकडे आठ प्लेटा सांगितल्या होत्या, पण त्या आल्या नव्हत्या. डॉक्टरांचा मोठा दवाखाना बांधून होत होता आणि त्याच्या छपरावर शंभरेक प्लेटा लागणार होत्या. ते काम कुणाला द्यायचे हे अजून ठरले नव्हते. एवढे लक्षात ठेवा.

मुदत संपायला दोन दिवस असताना सोलरशेठ धापा टाकत गच्चीवर आला. "नोंदणीला प्लेटांचे नंबर लागतात," तो म्हणाला. वहिनींनी त्याच्यासाठी सतरंजी आणली. तो आमच्या खाली उताणा झोपला आणि मोबाइलने एकेकीच्या पाठीचा फोटो काढत गेला. मी तिसरी. माझा फोटो काढताना तो स्वतःशीच शीळ घालत होता. वहिनींनी त्याला चहा दिला. जाताना तो म्हणाला, "चहा तुमच्या हातचा, वहिनी. बाकी सगळं पाणी."

ते फोटो वहिनींच्या अर्जाला लागलेच नाहीत. ते डॉक्टरांच्या अर्जाला लागले. डॉक्टरांच्या गच्चीवर तेव्हा एक तुटका झोपाळा आणि पाण्याची टाकी होती, बाकी काही नाही. पण कागदावर तिथे आम्ही आठ जणी बसलो. तपासणीला यायचे ते साहेब गर्दीमुळे आलेच नाहीत. त्यांनी खुर्चीत बसूनच सही केली. डॉक्टरांना निम्मे अनुदान मिळाले, आणि खूश होऊन त्यांनी दवाखान्याचे काम सोलरशेठला देऊन टाकले.

त्यांच्या खऱ्या प्लेटा अठरा दिवसांनी आल्या. त्या गच्चीवर चढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. मी पाहत होते, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हते.

वहिनींना सोलरशेठने काय सांगितले ते ऐका. तो खालमानेने आला आणि म्हणाला, "सरकारनं दार लावलं, वहिनी. तुमचा कागद रांगेत होता, शेवटच्या दिवशी मशीन बंद पडलं. आता नव्या नियमात तुमचा अर्ज बसतच नाही. मी तरी काय करू?" वहिनींचा अर्ज त्याने नंतर पाठवला होता, हे खरे. पण तो नामंजूर होऊन आला. का नामंजूर झाला त्याचे पत्र दुकानाच्या पत्त्यावर आले आणि तिथल्याच खणात गेले.

महिन्याभरात गाळा गेला. तिथे मोबाइल दुरुस्तीवाला येऊन बसला. वहिनी त्या गाळ्यावरून जायचा रस्ता सोडून लांबच्या वाटेने जाऊ लागल्या.

मग आमचेही दिवस फिरले. रविवारचे पुसणे बंद झाले. पारव्यांनी आमच्यावर घाण केली, वाऱ्याने धूळ बसवली, टाकीच्या गळतीचे पाणी माझ्या कोपऱ्यावर सुकून पांढरे डाग पडले. वहिनी कपडे वाळत घालायला यायच्या आणि ओल्या चादरी मुद्दाम आमच्या पुढच्या दोरीवर टाकायच्या. भर दुपारी आमच्यावर सावली पडायची. वीज निम्म्याने उतरली. "तुमच्यापायी गेला माझा गाळा," असे त्या एकदा आमच्याकडे बघून म्हणाल्या. दुसऱ्या वेळी सरकारला शिव्या दिल्या. इतक्या रसरशीत शिव्या, की शेजारच्या आजी कठड्यापाशी येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

मला शिव्यांचे वाईट वाटले नाही. त्या चुकीच्या दारात जात होत्या याचे वाटले. ज्याच्या दारात जायला हव्या होत्या तो त्याच घरी इस्त्रीला शर्ट पाठवत होता आणि "वहिनी, कॉलर जरा कडक" असा निरोप देत होता.

अशी दोन वर्षे गेली.

सरकार बदलले की नियम पुन्हा बदलले की दोन्ही, ते मला नीट ठाऊक नाही. पण अनुदान पुन्हा वाढले. मागच्या वेळी ज्यांचे राहून गेले त्यांनी फेरअर्ज करावा, अशीही सवलत आली. या वेळी वहिनींनी सोलरशेठला विचारले नाही. त्याला कशाला पुन्हा त्रास, असे त्यांना खरोखरच वाटले होते. त्या स्वतः कचेरीत गेल्या.

दुपारी त्या परत आल्या त्या थेट गच्चीवर. पायात चप्पल तशीच. मागून ड्रायव्हरकाका आले.

"अहो, खिडकीतला माणूस म्हणतो, या प्लेटांचं अनुदान दिलेलं आहे."

"कुणाला?"

"ते सांगत नाही म्हणाला. पण कागद माझ्याकडे फिरवून ठेवला आणि स्वतः पाणी प्यायला गेला. मी नाव वाचलं." त्यांनी मागच्या बंगल्याकडे बोट केले. "दातांच्या डॉक्टरांचं."

काका हसले. "काहीतरी घोटाळा असेल. त्यांच्या प्लेटा त्यांच्याकडं आहेत की. ह्या काय समोर दिसतायत."

"म्हणून तर आले वर."

वहिनींनी एक जुनी पांढरी चादर आणली आणि कपड्यांवर खुणा करायची ती पक्की शाई आणली. मग त्या आमच्या खाली उताण्या झोपल्या. ऊन तापलेले होते आणि गच्ची भाजत होती. काकांना काही सुचेना, तेव्हा त्यांनी छत्री आणली आणि वहिनींच्या डोक्यावर धरून उभे राहिले. वहिनी एकेक आकडा मोठ्याने वाचत आणि चादरीवर लिहीत. मधेच त्या म्हणाल्या, "छत्री सरळ धरा, अंधार येतो." माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्या पट्टीवरची धूळ पदराने पुसली. कितीतरी दिवसांनी त्यांचा हात माझ्या अंगाला लागला.

कचेरीतल्या कागदावरून त्यांनी पहिले तीन नंबर हातावर उतरवून आणले होते. तीनही जुळले. तिसरा माझा होता.

वहिनी उठून बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी मशीन बंद पडलं होतं नाही का!" मग त्या खाली गेल्या, बादली आणि कापड घेऊन आल्या, आणि संध्याकाळी आम्ही गार झाल्यावर त्यांनी आम्हाला आठही जणींना घासूनपुसून लख्ख केले. कोर्टात न्यायच्या साक्षीदाराला बाईने केस विंचरून तयार करावे, तसे.

"मी बोलतो त्याच्याशी," काका म्हणाले. "देईल पैसे परत. बोभाटा कशाला?"

"पैसे सोडते असं मी म्हणत नाही. पण आधी त्याचं नाव जायला पाहिजे. मग पैसे."

"अगं, त्यानं रक्त दिलंय मला."

"दिलं. त्याचे किती होतात तेवढे सांगा, वजा करते." वहिनींनी कापड पिळले. "आणि दोन वर्षं मी सरकारला बोलले त्याचं काय? बिचाऱ्या सरकारचे कान किटले असतील."

काकांनी बादली उचलून खाली नेली. दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून निघाले तेव्हा वळणावर "पोंऽऽ" ऐकू आले नाही.

मित्रांनो, राग दोन तऱ्हांचा असतो. एक भांडे आपटतो. दुसरा भांडे घासून, पुसून जागच्या जागी ठेवतो आणि वाट बघतो. वहिनींचा दुसऱ्या तऱ्हेचा निघाला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

नव्या योजनेत सरकारमान्य दुकानदारांची यादी होणार होती. यादीत नाव हवे तर आपण बसवलेले एखादे घर तपासणीला दाखवायचे होते. सोलरशेठ डॉक्टरांचे घर दाखवूच शकत नव्हता. तिथल्या प्लेटांचे नंबर कागदाशी जुळले नसते. त्याने वहिनींचे घर निवडले, कारण त्यांचा कागद मंजूरच झाला नव्हता, मग कोण काय ताडून बघणार? वर नवी गिऱ्हाइकेही तो बोलावणार होता.

"वहिनी, तुमच्या गच्चीवर छोटा कार्यक्रम करू का? पंधरा-वीस माणसं येतील."

"करा की भाऊजी. चहाचं मी बघते. आणि डॉक्टरांनाही बोलवा, त्यांचा अनुदानाचा कागद घेऊन. लोकांना कागद बघितल्याशिवाय खरं वाटत नाही."

सोलरशेठ क्षणभर थबकला, पण मग त्याच्या तोंडावर हसू पसरले. मंजूर झालेला खरा कागद, वर डॉक्टरांसारखा माणूस! त्याला ती कल्पना आवडली. आपण दोन वर्षे ज्या बाईला फसवले तिला काही कळत नाही, अशी त्याची पक्की खात्री होती.

कार्यक्रमासाठी त्याने पांढरा शर्ट इस्त्रीला पाठवला. काका दिवसभर अस्वस्थ होते. शेवटी गच्चीवर येऊन त्यांनी विचारलेच, "शर्ट जाळणार नाहीस ना?"

वहिनी खरेच दुखावल्या. "माझ्या हातून आजवर शर्ट जळलाय का कधी? त्याच्यासाठी मी माझं नाव घालवू?" तो शर्ट अशी कडक घडी होऊन गेला की सोलरशेठ त्यात नवरदेवासारखा दिसत होता.

सकाळी दहाला माणसे आली. एक शिक्षिका, दोन दुकानदार, एक नर्स, एक केस कापणारा, आणखी कितीतरी. दातांचे डॉक्टर आले. यादीची तपासणी करणाऱ्या बाई आल्या. त्या उंच, सडपातळ, चष्मा लावणाऱ्या होत्या आणि कुणी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. आमच्यामागे दोरीवर एक चादर उलटी वाळत पडली होती.

सोलरशेठ बोलायला उभा राहिला. सरकार कसे नियम बदलते, सामान्य माणूस कसा गोंधळतो, अशा वेळी ओळखीचा, घरचा माणूस कसा पाठीशी उभा राहतो, हे त्याने फार सुंदर सांगितले. "ही आमची वहिनी. हिचं अनुदान नियम बदलल्यामुळं हुकलं, माझ्या मनाला अजून लागून आहे ते. म्हणून सांगतो, या वेळी उशीर करू नका." मग त्याने डॉक्टरांना पुढे केले. डॉक्टरांनी आपला कागद वर धरून दाखवला. लोकांनी माना डोलावल्या.

"डॉक्टर," वहिनी म्हणाल्या, "त्या कागदावर प्लेटांचे नंबर असतील ना? जरा वाचता का?"

"नंबरात काय ठेवलंय वहिनी!" सोलरशेठ घाईने म्हणाला. "चहा आणा ना."

"चहा उकळतोय. वाचा डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि पहिला नंबर वाचायला घेतला. त्याच वेळी वहिनींनी दोरीवरची चादर फिरवली. वितीएवढ्या काळ्याभोर आकड्यांत तिच्यावर आठ नंबर होते. डॉक्टर वाचत गेले आणि लोकांचे डोळे चादरीवरून सरकत गेले. पाचव्या आकड्याला शिक्षिका त्यांच्या बरोबरीने वाचू लागली. दुसऱ्या नंबरला सगळेच वाचत होते. डॉक्टरांना आपल्यामागे काय चालले आहे ते कळेना. ते वळले, चादर पाहिली आणि थांबले.

"हे माझे नंबर इथे कसे?"

"चादरीवर कुणीही काही लिहील," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "मला प्लेट बघू दे." त्यांनी पर्स नर्सच्या हातात दिली आणि चांगल्या कपड्यांनिशी आमच्या खाली झोपल्या. पहिली वाचली, दुसरी वाचली. मग माझ्या पाठीशी त्यांचा आवाज आला, आणि पंधरा आकडे त्यांनी ठणठणीत वाचले. डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवून "बरोबर" म्हटले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझे नाव चारचौघांत कुणी घेतले नव्हते. मी त्या सकाळी किती वीज केली असेल ते मीटरला विचारा.

"छपाईची चूक असेल," सोलरशेठ म्हणाला.

"आठही?" केस कापणारा म्हणाला, आणि कुणीतरी फिस्सकन हसले.

"म्हणजे माझ्या गच्चीवर आहेत त्या कुणाच्या?" डॉक्टरांनी विचारले.

"तुमच्याच आहेत डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "फक्त त्यांची अजून कुठं नोंद नाही."

सोलरशेठच्या कपाळावरचा घाम त्या कडक कॉलरवर उतरला. तो वहिनींजवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घरातली गोष्ट होती. घरात बोलायचं होतं."

"घरात तुम्ही बोललात की भाऊजी. दोन वर्षं. आता मी गच्चीवर बोलते."

मग तो काकांकडे वळला. "तू तरी सांग रे हिला. आपली इतक्या वर्षांची..." आणि त्याने आपल्या दंडावर हात ठेवला, जिथून रक्त काढतात तिथे.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी आधी चादरीकडे पाहिले. मग म्हणाले, "तिनं नंबर उतरवले तेव्हा छत्री मीच धरली होती रे."

एवढेच. पण त्यानंतर सोलरशेठ जिन्याकडे गेला, आणि चहा त्याच्याशिवाय झाला.

पुढे जे व्हायचे ते झाले. त्याचे नाव यादीत आले नाही. मोठ्या दवाखान्याचे अजून चालू असलेले काम डॉक्टरांनी अर्धवट काढून घेतले. डॉक्टरांना अनुदान दंडासह परत करावे लागले आणि त्यांनी ते सोलरशेठकडून कोर्टाच्या पायऱ्या चढवून वसूल केले. दुकान विकले गेले. वहिनींना जुन्या दराने निम्मे पैसे मिळाले, सही-शिक्क्यासह. पण गाळ्यात मोबाइलवाला बसला तो बसलाच. इस्त्रीचे टेबल आजही पुढच्या खोलीतच आहे. उन्हाळ्यात तिथे घामाच्या धारा लागतात, आणि ज्या दिवशी लागतात त्या दिवशी वहिनी गच्चीवर आल्या की मला त्यांचा चेहरा बघूनच कळते, की आमचा राग अजून ताजा आहे.

गावात आता एक नवी कंपनी आली आहे. ती महिन्याला माणूस पाठवून प्लेटा धुऊन देते. वहिनींनी महिन्याची वर्गणी भरली, आणि कंपनीला फोन करून सांगितले, "माणूस मी सांगते तोच पाठवायचा." कारण सोलरशेठला आता त्याच कंपनीत बादली आणि लांब दांड्याचा ब्रश मिळाला आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ऊन चढायच्या आत, तो येतो. वहिनी स्टूल टाकून बसतात. तो एकेक प्लेट धुतो. काम चांगले करतो, हे मला मान्य आहे. गार काचेवरच पाणी घालतो, खरखरीत काही लावत नाही, कडेची माती बोटाने काढतो. त्याचे हात पूर्वीपेक्षा खडबडीत झाले आहेत. वहिनी मधूनमधून म्हणतात, "तो कोपरा राहिला भाऊजी." भाऊजीच म्हणतात अजून. तो कोपरा पुन्हा पुसतो.

काका वर येतात ते चहा घेऊन. दोन कप. एक त्याचा, एक स्वतःचा. दोघे मित्र कठड्याला टेकून उभे राहून चहा पितात आणि हवापाण्याचे बोलतात. वहिनी तिकडे बघत नाहीत, पण दुसरा कप ठेवायला त्यांनीच सांगितलेले असते.

मागच्या महिन्यात वहिनी खाली गेल्या होत्या, तेव्हा तो एकटा होता. माझी काच पुसता पुसता थांबला. काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. तो म्हणाला, "एवढं पुरे नाही का?" मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे. मी काच आहे. मला उत्तर देता येत नाही. देता आले असते तर मी नाही म्हटले असते.

तो गेल्यावर काकांनीही तेच विचारले. "किती दिवस चालवणार आहेस हे?"

वहिनींनी स्टूल उचलले आणि जिन्याकडे जाता जाता सांगितले, "प्लेटांची वॉरंटी पंचवीस वर्षांची आहे."

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी शिकवायचे असते. तर हे शिका. सरकारचे नियम बदलत राहतील. आज निम्मे देतील, उद्या पाचवा हिस्सा, परवा आणखी काही. ते बदलले म्हणून चिडू नका, पण ते बदलले असे कुणी सांगत आला तर स्वतः कचेरीत जाऊन विचारा, मग सांगणारा घरचा असला तरी. पत्ता स्वतःचा द्या. आणि आमची काळजी घ्या. महिन्यातून एकदा, सकाळी लवकर, आम्ही गार असताना, मऊ कापडाने आमचे तोंड पुसा. हे काम प्रेमाने करा की रागाने करा, आमची वीज तेवढीच निघते. आम्हाला त्यातला फरक कळत नाही.

धुणाऱ्याला मात्र कळायला हवा. एवढ्याचसाठी वहिनी दर वेळी स्टूल घेऊन वर येतात.